अवटु ग्रंथी, डोळे आणि विडी



ज्या वैद्यकव्यवसायी गृहस्थांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याविषयी गावातील वृद्ध मंडळींकडून मी जे ऐकले आहे त्यात एक गोष्ट वारंवार येते ती ही की, रुग्णाची नाडी हाती घेण्याआधी ते त्याच्या दिनचर्येची इतकी बारीक विचारपूस करीत की, नवखा माणूस आपण दवाखान्यात आलो आहोत की कचेरीत जबानी द्यावयास आलो आहोत अशा संभ्रमात पडे. विषयाची निवड चालकांनी माझ्यावर सोपविली तेव्हा मला त्या विचारपुशीचेच स्मरण झाले, आणि जेथे रुग्णाची सवय विचारल्यावाचून औषधाची योजना करताच येत नाही असा एक रोग मी निवडला. मानेच्या पुढील अंगास, कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून बसलेली अवटु ग्रंथी, जिला आता खेड्यापाड्यांतील बायामाणसेही ‘थायरॉइड’ या नावाने ओळखतात, ती प्रमाणाबाहेर काम करू लागली म्हणजे उद्भवणारा रोग, त्याची चिकित्सा, आणि त्या चिकित्सेच्या आड येणारे धूम्रपान, हा तो विषय होय.

माझे म्हणणे प्रारंभीच सांगून टाकतो. विडी किंवा सिगारेट सोडण्याची गोष्ट आम्ही डॉक्टर मंडळी औषधे लिहून झाल्यावर, रुग्ण उठून दाराशी जात असता, पाठीमागून उपदेशादाखल सांगत असतो. या रोगात ती चिठ्ठीच्या पहिल्या ओळीत लिहावयास हवी. कारण कोणता इलाज निवडावा, तो कितपत गुण देईल आणि त्यातून डोळ्यांस अपाय होईल किंवा कसे, हे तिन्ही प्रश्न त्या एका सवयीपाशी येऊन थांबतात.

शरीरातील घडामोडींचा वेग मुकरर करणे हे अवटु ग्रंथीचे काम. अन्नपाण्यातून आलेले आयोडीन ती रक्तातून वेचून घेते, त्यापासून आपला स्राव सिद्ध करते, आणि तो किती सिद्ध करावा याचा हुकूम तिला मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून मिळतो. स्राव पुरेसा झाला की वरून येणारा हुकूम आपोआप सैल पडतो. असा हा चोख कारभार निरोगी माणसाच्या शरीरात जन्मभर बिनबोभाट चालू असतो. प्रस्तुत रोगाच्या सर्वांत प्रचलित प्रकारात मात्र शरीर स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि ही प्रतिपिंडे पीयूषिकेचा हुकूम जेथे रुजू व्हावयाचा नेमक्या त्याच जागी जाऊन बसतात. बनावट शिक्क्याचा कागद घेऊन आलेल्या तोतयाला खरा अंमलदार समजून कारकुनाने खजिना खुला करावा, तसा हा प्रकार होय. पीयूषिका आपला खरा हुकूम पूर्णपणे आवरून धरते, रक्ततपासणीत त्याचा अंश शोधूनही सापडत नाही, तथापि खजिना वाहतच राहतो. १९५६ साली न्यूझीलंडमधील डनेडिन येथे ॲडम्स आणि पर्व्हिस या संशोधकांना अशा रुग्णांच्या रक्तात पीयूषिकेच्या स्रावाहून निराळा, दीर्घकाळ अंमल गाजविणारा एक उत्तेजक पदार्थ आढळला, आणि पुढे तो प्रतिपिंडच असल्याची रुजुवात झाली.

या उधळपट्टीची लक्षणे आपणांपैकी अनेकांनी घरात किंवा शेजारी पाहिली असतील. माणूस दोन भाकरी अधिक खातो आणि तरी वाळत जातो. छातीत धडधडते, हाताची बोटे थरथरतात, पौषातही अंगावर पांघरूण नको होते, झोप उडते, आणि क्षुल्लक कारणावरून तो माणसांवर तुटून पडतो. डब्लिनच्या मीथ रुग्णालयातील रॉबर्ट ग्रेव्हज यांनी १८३५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याख्यानात छातीची धडधड आणि गळ्याची गाठ यांनी पीडित अशा स्त्रियांचे वर्णन केले. पाच वर्षांनी जर्मनीतील मर्सेबर्ग या गावचे वैद्य बासेडो यांनी गाठ, धडधड आणि बाहेर आलेले डोळे या त्रयीवर बोट ठेवले. इंग्रजी वाचणारे डॉक्टर ग्रेव्हजचे नाव घेतात, युरोप खंडातील पुष्कळ डॉक्टर बासेडोचे घेतात. या मानपानाच्या वादात आपणांस पडण्याचे कारण नाही. एवढे मात्र खरे की बाथ शहराचे कॅलेब पॅरी यांनी हा रोग या दोघांच्याही आधी पाहून लिहून ठेवला होता, आणि त्यांचे टिपण त्यांच्या मृत्यूनंतर, १८२५ साली, छापले गेले.

इलाज तीन. पहिला शस्त्रक्रियेचा. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील थिओडोर कोखर यांनी आपल्या हयातीत पाच हजारांहून अधिक अवटु ग्रंथी कापल्या, ज्या शस्त्रक्रियेच्या नावाने पूर्वीचे शल्यविशारद हात आखडते घेत तीतील मृत्यू शेकडा एकाच्याही खाली आणले, आणि त्याबद्दल १९०९ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा गोळ्यांचा: १९४३ साली बॉस्टन येथे एडविन ॲस्टवुड यांनी थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल ही द्रव्ये देऊन ग्रंथीचे उत्पादन रोखता येते हे दाखविले, आणि आज आपल्याकडे सर्रास लिहिली जाणारी कार्बिमाझोलची गोळी ही त्याच वंशातली. तिसरा किरणोत्सर्गी आयोडीनचा. ग्रंथी आयोडीन वेचून घेते, तेव्हा तिला किरणोत्सर्गी आयोडीनच पाजले तर ती आपल्याच हावरेपणाने आपला नाश ओढवून घेईल, अशी ही कल्पना. १९४१ साली बॉस्टनच्याच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात सॉल हर्ट्झ यांनी ती प्रथम अमलात आणली. आपल्याकडे तुर्भ्याच्या अणुभट्ट्यांनी किरणोत्सर्गी द्रव्ये देशातच सिद्ध करण्याची सोय केली आणि १९६३ साली मुंबईत परळ येथे किरणोत्सर्गी वैद्यक केंद्र उघडले गेले, तेव्हापासून हा इलाज महाराष्ट्रातील रुग्णाला दुर्लभ राहिलेला नाही. पेलाभर पाण्यासारखे औषध प्यावयाचे किंवा एक कॅप्सूल गिळावयाची, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत ग्रंथी थंड पडते. पुढे जन्मभर रोज सकाळी अनशापोटी स्रावाची गोळी घेतली म्हणजे झाले. इतका सुटसुटीत इलाज वैद्यकात फार थोड्या रोगांस लाभला असेल, आणि विडीने नेमका त्याच्याच वाटेत पाय घातला आहे.

काही वर्षांपूर्वी मोटारदुरुस्तीचे काम करणारे एक गृहस्थ माझ्याकडे आले. ग्रंथीचा रोग जुना नव्हता, परंतु डोळे इतके पुढे आले होते की समोरून पाहणाऱ्यास त्यांची मुद्रा सदैव दचकलेली भासे. रात्री झोपेत पापण्या पुऱ्या मिटत नसल्याने त्यांची पत्नी ओल्या फडक्याची घडी डोळ्यांवर ठेवीत असे. आणि डोळे हलविणारे स्नायू सुजून ताठरल्यामुळे त्यांना एका वस्तूच्या दोन दिसत, जिना उतरताना खरी पायरी कोणती ते पायाने चाचपून ठरवावे लागे. तपासणी आटोपून ते व्हरांड्यातील बाकावर जाऊन बसले, खिशातून विड्यांचा कट्टा काढला, एक विडी दातांत धरली आणि काडी ओढली. पण ज्योत काही केल्या विडीच्या टोकाला भिडेना, ती आपली बाजूच्या हवेतच फिरे. पहिली काडी बोटांपाशी आली तशी त्यांनी ती टाकली, दुसरी ओढली, आणि या खेपेस मोकळ्या हाताच्या तळव्याने डावा डोळा झाकून, उरलेल्या एका डोळ्याने नेम धरून, सराईतपणे विडी पेटविली. मी दारात उभा राहून हे पाहत होतो. त्यांच्यावर रागवावे असे मला वाटले नाही, कारण विडी फुप्फुसाला वाईट आणि हृदयाला वाईट हे त्यांनी अनेकांच्या तोंडून ऐकले होते. तिचा आणि झाकलेल्या त्या डोळ्याचा काही संबंध असेल, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नव्हते.

तो संबंध असा. डोळा ज्या खोबणीत बसलेला आहे ती चोहोकडून हाडांची. तिची एकूण जागा तीस घनसेंटिमीटरच्या आसपास, आणि उघडी बाजू एकच, पुढली. खोबणीतील चरबी आणि स्नायू यांच्यामध्ये विखुरलेल्या तंतुजनक पेशींवरही अवटु ग्रंथीवर असते तशीच हुकूम रुजू होण्याची जागा असते, आणि त्यामुळे ग्रंथीवर चालून आलेली प्रतिपिंडे येथेही उपद्रव माजवितात. या पेशी पाणी धरून ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल स्रवू लागतात, त्यांतील काहींच्या चरबीच्या पेशी बनतात, स्नायू फुगतात. मागे सरकावयास जागा नाही, तेव्हा डोळा पुढे ढकलला जातो. फार झाले म्हणजे खोबणीच्या अरुंद तळाशी दृष्टीची नस चेपली जाते, आणि तेव्हा प्रश्न रूपाचा उरत नाही, दृष्टीचाच होतो. प्रयोगशाळेत या तंतुजनक पेशींवर सिगारेटच्या धुराचा अर्क सोडून पाहिला असता त्यांचे हायलुरॉनिक आम्ल वाढले आणि चरबी धरण्याची प्रवृत्तीही वाढली. धुरातील कार्बन मोनॉक्साइडमुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते, धुरातील दाहक कण ऊतींस डिवचतात. आधीच दाटीवाटी झालेल्या त्या हाडांच्या खोबणीत या दोन्ही गोष्टी आगीत तेल ओततात.

हे अनुमान केवळ काचेच्या नळ्यांवरून काढलेले नाही. १९८७ साली स्वीडनमधील डॉक्टरांनी डोळ्यांच्या या विकाराचा आणि धूम्रपानाचा संबंध असावा अशी शंका पुराव्यानिशी मांडली. १९९३ साली ॲम्स्टरडॅम येथील प्रुमेल आणि विर्सिंगा यांनी रुग्ण आणि निरोगी माणसे यांची तुलना करून असे दाखविले की, केवळ ग्रंथीचा रोग होण्याचा संभव धूम्रपान करणाऱ्यांत सुमारे दुप्पट, पण ग्रंथीच्या रोगाबरोबर डोळ्यांचाही विकार जडण्याचा संभव सात पटींहून अधिक आढळतो. या दोन आकड्यांतील अंतराकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. ग्रंथीच्या रोगात धूम्रपान हे अनेक कारणांपैकी एक आहे. आनुवंशिकता, स्त्रीदेह, प्रसूतीनंतरचा काळ, अतिरिक्त आयोडीन, मनावरचा मोठा आघात ही सारी त्याच रांगेत उभी आहेत, आणि विडीला शिवलेही नाही असे सहस्रावधी लोक या रोगाने पीडित आहेत. डोळ्यांच्या विकारात मात्र धूम्रपान रांग सोडून पुढे येते. आणि रुग्णाला स्वतःच्या हाताने हटविता येईल असे त्या रांगेत तेवढे एकच आहे.

आता इलाजाकडे वळू. किरणोत्सर्गी आयोडीन घेतल्यावर काहींचे डोळे बिघडतात अशी कुजबुज पूर्वीपासून होती. १९९२ साली स्टॉकहोम येथील एका पाहणीत मध्यमवयीन रुग्णांपैकी आयोडीन घेतलेल्या सुमारे एकतृतीयांश जणांचे डोळे बिघडलेले किंवा नव्याने आजारी पडलेले आढळले. गोळ्यांवर ठेवलेल्यांत हे प्रमाण दहांत एक एवढेच होते. त्यानंतर इटलीतील पिसा येथे बार्तालेना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे साडेचारशे रुग्णांवर अधिक काटेकोर प्रयोग केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. नुसते आयोडीन दिलेल्यांपैकी शेकडा १५ जणांचे डोळे बिघडले. आयोडीनबरोबर काही महिने स्टेरॉइडच्या गोळ्या दिलेल्यांत एकाचेही बिघडले नाहीत. त्याच मंडळींनी पुढे धूम्रपानाच्या अनुषंगाने हिशेब मांडला तेव्हा असे निघाले की, आयोडीननंतर डोळे बिघडण्याचे प्रमाण धूम्रपान करणाऱ्यांत शेकडा २३, न करणाऱ्यांत ६. आणि आजारी डोळ्यांवर स्टेरॉइड व किरणोपचार यांचा गुण न ओढणाऱ्यांपैकी शेकडा ९४ जणांना आला, ओढणाऱ्यांपैकी ६८ जणांना. म्हणजे विडी रोग वाढविते, इलाजाचा अपाय वाढविते, आणि त्या अपायावर जो उतारा द्यावयाचा त्याचाही गुण कमी करते. एकाच फिर्यादीत तीन कलमांखाली दोषी ठरणारा आरोपी वैद्यकात विरळाच.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, समोर बसलेला रुग्ण ओढतो की नाही हे ठाऊक नसताना आयोडीनची तजवीज करणारा डॉक्टर अंधारात दगड मारीत असतो. डोळे निकोप आहेत, धूम्रपान नाही, तर आयोडीन निर्धास्त द्यावे. डोळ्यांत किंचित विकार आहे आणि रुग्ण ओढतो, तर आयोडीन द्यावयाचेच झाल्यास स्टेरॉइडचे कवच हवे. विकार प्रखर आणि चालू स्थितीत असेल तर आयोडीनचा बेत रहित करून गोळ्यांनी किंवा शस्त्रक्रियेने काम भागवावे. शस्त्रक्रियेतही विडी सुखाने बसू देत नाही. भूल उतरताना ओढणाऱ्याला जी खोकल्याची उबळ येते तिने मानेतील शिरांचा दाब चढतो, आणि टाके घातलेल्या त्या अरुंद जागेत रक्त साचणे म्हणजे श्वासनलिकेवर बोट ठेवण्यासारखे असल्याने शल्यविशारदाला त्या खोकल्याची धास्ती असते. कार्बिमाझोलचा साधारण बारा ते अठरा महिन्यांचा क्रम पुरा करूनही सुमारे निम्म्या रुग्णांत रोग पुन्हा उचल खातो, आणि ओढणाऱ्यांत ही पुनरावृत्ती अधिक दिसते. त्या गोळीच्या संबंधात आणखी एक गोष्ट माझ्या मनाला नेहमी खटकते. क्वचित, हजारात दोन ते पाच रुग्णांत, ही गोळी रक्तातील संरक्षक पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा करते, आणि त्याची पहिली खूण ताप व घसादुखी ही असते. म्हणून घसा दुखू लागताच गोळी बंद करून त्याच दिवशी रक्त तपासण्याची ताकीद आम्ही देतो. ज्याचा घसा वर्षानुवर्षे रोज सकाळी खवखवतो आणि पहिल्या विडीनेच मोकळा होतो अशी ज्याची समजूत आहे, त्याला ती खूण खूण म्हणून कळावी कशी?

येथे एखादा चतुर श्रोता हरकत घेईल, आणि ती हरकत विचार करण्याजोगी आहे. तंबाखूच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असते, आणि शरीर त्याचे थायोसायनेट बनविते. हे थायोसायनेट ग्रंथीला आयोडीन वेचू देत नाही. १९२८ साली बाल्टिमोर येथे चेस्नी यांनी निराळ्याच कामासाठी पाळलेले ससे कोबी खाऊन खाऊन गलगंडाने फुगले. तेव्हापासून अन्नातील अवटुरोधक द्रव्यांचा जो तपास सुरू झाला त्यातूनच थायोसायनेटचा हा गुण आणि ॲस्टवुडच्या गोळ्या या दोहोंच्या वाटा फुटल्या. मग धूर हा ग्रंथीला आवरणारा इलाजच नव्हे काय? त्यात भर अशी की, ग्रंथीचे काम मंदावण्याचा जो उलट रोग, तो ओढणाऱ्यांत कमी आढळतो हेही मोठ्या पाहण्यांतून दिसून आले आहे. मी या हरकतीला बगल देऊ इच्छीत नाही. धुराचा ग्रंथीवरील परिणाम एकेरी नाही; त्यात अनेक द्रव्ये आहेत आणि ती परस्परविरुद्ध दिशांनी ओढ घेतात. पण थायोसायनेटचा लगाम इतका क्षीण की खजिना फोडून वाहणाऱ्या ग्रंथीपुढे त्याची मातब्बरी नाही. आयोडीनचा तुटवडा असलेल्या मुलखात त्याने गलगंड वाढतो, आणि ओढणाऱ्या मातेच्या दुधातील आयोडीन घटते, एवढेच त्याचे पुण्य. विडीच्या बाजूने साक्ष द्यावयास आलेला हा साक्षीदार उलटतपासणीत तिच्याच विरुद्ध बोलून जातो.

सवय सोडण्याची गोष्ट बोलावयास जितकी सोपी तितकी या रुग्णांस ती अवघड जाते, आणि त्याचे कारण रोगातच आहे. हात थरथरतात, जीव घाबरा होतो, झोप येत नाही, माणसे नकोशी होतात. अशा वेळी दोन झुरके घेतल्यावर क्षणभर निवांत वाटते, आणि रुग्ण त्या निवांतपणाचे श्रेय विडीला देतो. वस्तुतः निकोटीनने नाडी आणखी धावते. पुढे त्याने विडी सोडली की पहिल्या पंधरवड्यात तीच चिडचिड, तीच निद्रानाशाची कटकट, तेच अस्वस्थपण पुन्हा उभे राहते, आणि रोग बळावला असे समजून तो पुन्हा कट्टा विकत घेतो. शिवाय इलाजाने ग्रंथी ताब्यात आली की वाळलेले अंग भरू लागते, विडी सोडल्यानेही वजन चढते. दोन्ही एकदम झाले तर कपडे घट्ट होतात आणि दोषी ठरते ती बिचारी गोळी. म्हणून माझी वहिवाट अशी की, धडधड आवरणारे औषध आणि कार्बिमाझोल यांनी जीव थोडा स्वस्थ होईपर्यंत, म्हणजे तीन-चार आठवडे, रुग्णाला विडी सोडण्याची तारीख ठरवू द्यावी, आणि ती तारीख केसपेपरवर लिहून ठेवावी. डोळे धोक्यात असतील तेव्हा मात्र ही सवलत मी देत नाही.

विचारण्याचीही एक रीत असते. ‘ओढता का?’ असे विचारले की आपल्याकडे हमखास उत्तर येते, ‘कधीमधी’. दिवसाला कट्टा किती पुरतो, सकाळची पहिली विडी चहाआधी की चहानंतर, असे विचारले म्हणजे खरा आकडा बाहेर येतो. सिन्नर, गोंदिया, कामठी या मुलखांत विड्या वळणारे हात घरोघर आहेत, आणि टेंभुर्णीच्या पानात गुंडाळलेली विडी सिगारेटहून सौम्य अशी समजूत त्याच घरांतून ऐकू येते. तिच्यात तंबाखू थोडा खरा, पण पान सच्छिद्र नसल्याने आणि ती विझू नये म्हणून झुरके जोराने घ्यावे लागत असल्याने धुरातून मिळणारे निकोटीन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे माप उलट जास्त भरते. तंबाखूची आपली ओळखही काही अनादि नव्हे. अकबराचा वकील असद बेग हा १६०४ च्या सुमारास विजापुराहून परतला तेव्हा त्याने बादशहापुढे तंबाखू आणि चिलीम नजर केली, आणि दरबारच्या हकिमांनी हे द्रव्य आपल्या ग्रंथांत नाही म्हणून त्यास हरकत घेतली. १६१७ साली जहांगिराने मनाईचे फर्मानही काढले. फर्मानाचे काय झाले ते आपल्या प्रत्येक पानपट्टीवर दिसते. सक्तीने ही गोष्ट सुटत नाही, हे चार शतकांचे दफ्तर सांगते, आणि म्हणून मी रुग्णाला धाक घालण्यापेक्षा हिशेब दाखविणे पसंत करतो.

त्या हिशेबात एक जमेची बाजू आहे, आणि ती मी कधी गाळीत नाही. पूर्वी पुष्कळ ओढून पुढे सोडलेल्या माणसांची डोळ्यांची जोखीम ओढणाऱ्यांच्या मानाने स्पष्टपणे कमी आढळते. जर्मनीत झालेल्या एका अभ्यासात आयुष्यभरात किती सिगारेटी ओढल्या यापेक्षा आज किती ओढता याचाच विकाराशी जवळचा संबंध दिसून आला. फुप्फुसाच्या कर्करोगात मागची बाकी वर्षानुवर्षे अंगावर राहते. येथे ती पुष्कळ लवकर फिटते. अर्थात जे मांस एकदा ताठरले ते पूर्ववत होतेच असे नाही. डोळ्यांचा विकार काही महिने चढतो, मग स्थिरावतो, आणि थोडा ओसरून तेथेच थांबतो. स्थिरावेपर्यंत डोळ्यांच्या स्नायूंवर शस्त्रक्रिया करता येत नाही. मोटारदुरुस्ती करणाऱ्या त्या गृहस्थांनी विडी सोडली, पण ती सोडण्यात बराच काळ गेला. त्यांना आयोडीन न देता गोळ्यांवर ठेवले, शिरेतून स्टेरॉइड दिले, आणि नंतर स्नायूंची शस्त्रक्रिया करावी लागली. आता समोर पाहताना त्यांना एकाचे एक दिसते. खाली पाहताना अजून दोन दिसतात, आणि जिना ते पूर्वीप्रमाणेच पायाने चाचपून उतरतात.

विडी सोडल्यानंतरच्या काळात रक्ततपासणीचा तगादा मात्र चालू ठेवावा. डेन्मार्कमधील एका पाहणीत असे दिसले की, धूम्रपान सोडल्यावर पहिली एक-दोन वर्षे ग्रंथी मंदावण्याचा संभव बराच वाढतो. हे विडी न सोडण्याचे निमित्त होऊ शकत नाही. परंतु रुग्णाला सुस्ती आली, पाय सुजले, थंडी सोसवेना, तर ‘विडी सोडली म्हणून झाले’ असे म्हणून स्वस्थ न बसता गोळीचे प्रमाण तपासून घ्यावे.

शेवटचा मुद्दा स्त्रियांचा. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांस कितीतरी पटींनी अधिक होतो, आणि आपल्याकडे विडी ओढणारे बहुतांशी पुरुष. तेव्हा माझे इतका वेळचे बोलणे आपल्या निम्म्या घराला लागू नाही असे वाटण्याचा संभव आहे. युरोपातील डॉक्टरांनी मुलांमधील या विकाराची पाहणी केली तेव्हा, ज्या देशांत धूम्रपान अधिक तेथे डोळ्यांचा विकार जडलेल्या मुलांत अगदी लहान, दहा वर्षांखालच्या मुलांचा भरणा अधिक निघाला. ती मुले स्वतः ओढीत नव्हती, आणि म्हणून घरातल्या इतरांच्या धुराचा संशय बळावला. संशय म्हणजे निवाडा नव्हे, पण डोळे जपावयाचे असता संशयाचा फायदा मी आरोपीला देत नाही. स्त्री रुग्ण आली की तिचे यजमान बहुधा बाहेर बाकावर बसलेले असतात. मी त्यांना आत बोलावून घेतो, खुर्ची देतो, आणि दिवसाला कट्टा किती पुरतो ते विचारतो. ‘डॉक्टरसाहेब, आजार हिला आहे,’ असे ते म्हणतात, आणि तिच्या केसपेपरच्या पहिल्या ओळीत त्यांच्या विड्यांचा आकडा लिहून होईपर्यंत मी त्यांना उठू देत नाही.